चर्चच्या आवारातील प्रार्थनास्थळाचा जीर्णोद्धार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चच्या आवारात उघड्यावर उभी असलेली प्रार्थनास्थळे, म्हणजे लूर्डमातेचा ग्रोटो (मरियामातेच्या पुतळ्यासाठी रचलेली दगडी गुहा), कोनाड्यातला संताचा पुतळा, चौथऱ्यावरचा क्रूस, क्रूसाच्या वाटेची स्थाने, ही वर्षानुवर्षे ऊन-पाऊस अंगावर घेत असतात, आणि म्हणून चर्चच्या इमारतीपेक्षा कितीतरी लवकर थकतात. मी एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) जीर्णोद्धार समितीवर काम केले आहे. त्या काळात समितीच्या बैठकांत, मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी भाविकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अशा जागांचे मोठे नुकसान दोनच गोष्टी करतात, असे त्या कामातून माझे मत बनले: एक पाणी, आणि दुसरी प्रेमापोटी घाईने केलेली दुरुस्ती. पुढच्या बऱ्याच उत्तरांत या दोन्ही गोष्टी भेटतील.

प्रार्थनास्थळ मोडकळीला आले आहे. ते पाडून नवे बांधणे सोपे नाही का?

सोपे आहे, आणि अनेकदा लवकरही होते. पण ज्या जागेवर दोन-तीन पिढ्यांनी गुडघे टेकले, ती जागा केवळ दगड आणि गिलावा राहिलेली नसते. आमच्या ग्रोटोच्या चौथऱ्याची उजवीकडची कड एका ठिकाणी इतकी गुळगुळीत झाली होती की बोट फिरवले तर काच लागावी. उठताना आधारासाठी लोक नेमका तेथेच हात टेकत आले होते. नवा चौथरा बांधला असता तर तो सरळ, स्वच्छ आणि भक्कम झाला असता. ती कड मात्र कोणत्याही गवंड्याला पुन्हा घडवता आली नसती. आम्ही तो दगड जागचा हलवला नाही.

नवे बांधणे योग्य ठरते अशा वेळाही असतात. पाया खचून बांधकाम लोकांच्या अंगावर येण्याची भीती असेल, किंवा पुतळा अशा पदार्थाचा असेल की तो उघड्यावर टिकणारच नाही, तर हट्ट धरू नये. मात्र हा निर्णय स्थापत्य अभियंत्याने आणि जीर्णोद्धाराच्या जाणकाराने जागा पाहिल्यानंतरच व्हावा. ज्याला नवे बांधकाम मिळायचे आहे त्या ठेकेदाराचे मत त्यासाठी पुरेसे नाही.

कोणाकोणाची परवानगी लागते?

सर्वांत आधी प्रमुख धर्मगुरूंची संमती, आणि त्यांच्यामार्फत धर्मप्रांताची. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम ११८९ सांगते की प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा लोकांच्या भक्तीमुळे मोलाची ठरलेली पवित्र प्रतिमा दुरुस्तीला आली, तर बिशपांच्या किंवा तसा अधिकार असलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय तिचा जीर्णोद्धार करू नये, आणि त्यांनीही परवानगी देण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यातला ‘भक्तीमुळे’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. साच्यातून काढलेला, कलेच्या बाजारात काहीही किंमत नसलेला पुतळासुद्धा लोकांच्या भक्तीमुळे मोलाचा ठरू शकतो. हे कलम शब्दशः पाहिले तर चर्च आणि प्रार्थनामंदिरे यांत भक्तीसाठी ठेवलेल्या प्रतिमांबद्दल आहे, आवाराबद्दल नाही, असा मुद्दा कोणी काढील. पण कायद्यामागचा हेतू पाहता आवारातल्या पुतळ्यालाही तोच नियम लावणे शहाणपणाचे आहे. एक पत्र लिहिण्याचे कष्ट वाचवून पुढे पश्चात्ताप करण्यात काही अर्थ नाही.

खर्च मोठा असेल तर दुसरी बाब येते. कलम १२८१ प्रमाणे नेहमीच्या व्यवस्थापनाच्या मर्यादेबाहेरच्या कामाला बिशपांची लेखी मुभा लागते आणि ती मर्यादा प्रत्येक ठिकाणच्या नियमांनुसार ठरते. धर्मग्रामाच्या अर्थसमितीला तर पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावे. याशिवाय शासनाची परवानगी स्वतंत्र असते: वास्तू वारसा यादीत असेल, किंवा बांधकामाची उंची अगर आकार बदलणार असेल, तर चर्चची संमती असूनही काम बेकायदेशीर ठरू शकते.

आमच्या ग्रोटोला ‘तीर्थस्थान’ म्हणावे का?

कायद्याच्या अर्थाने नाही. कलम १२३० प्रमाणे, जेथे विशेष भक्तिभावाने मोठ्या संख्येने यात्रेकरू येतात आणि ज्याला स्थानिक बिशपांची मान्यता आहे, असे चर्च किंवा पवित्र स्थान म्हणजे तीर्थस्थान. आवारातल्या जागेला ‘प्रार्थनास्थळ’ म्हणणे पुरेसे आणि खरे आहे. फलक रंगवण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

पहिले काम कोणते करावे?

पाऊस पाहावा. नोंदी आणि छायाचित्रे लागतातच, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. पण छत्री घेऊन तासभर भर पावसात त्या जागेसमोर उभे राहिल्याने जे कळते, ते कोरड्या दिवशी दहा वेळा पाहणी करूनही कळत नाही. आम्ही तसे उभे राहिलो तेव्हा दिसले की पुतळ्याच्या डोक्यावरच्या कमानीतून एक थेंबही गळत नव्हता. पाणी येत होते मागच्या उतारावरून. ते दगडांच्या पाठीशी साठे आणि पुतळ्याच्या पावलांजवळ बारीक धारेने बाहेर पडे. त्याआधी कमानीवर तीन वेळा जलरोधक रंग लावून झाला होता.

त्यानंतर नोंद. प्रत्येक बाजूचे, प्रत्येक तड्याचे, प्रत्येक शिलालेखाचे छायाचित्र काढावे, चौकटीत मोजपट्टी ठेवावी आणि तारीख लिहावी. जुनी छायाचित्रे घरोघर मागावीत. लग्न, प्रथम ख्रिस्तप्रसाद, मेरी मातेचे सण यांच्या अल्बममध्ये ग्रोटो पाठीमागे उभा असतोच, आणि पुतळ्याचा झगा मूळचा कसा होता, क्रूस कोणत्या बाजूला होता, हे अशाच एखाद्या छायाचित्रात सापडते. वयस्क मंडळींच्या आठवणीही लिहून घ्याव्यात, फक्त आठवण आणि पुरावा यांची वही वेगळी ठेवावी.

पाण्यामुळे नेमके काय बिघडते?

भिंतीत मुरलेले पाणी जमिनीतले आणि चुना-सिमेंटातले क्षार विरघळवून सोबत आणते. पृष्ठभागाजवळ पाणी वाळते, क्षार मागे उरतात आणि स्फटिक होताना फुगतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, जिला आपण लोणा लागला म्हणतो, ती हीच. स्फटिक बाहेर तयार झाले तर ते ब्रशने झाडता येतात; पण बाहेरून घट्ट रंग लावून वाट बंद केली तर ते रंगाच्या मागे, दगडाच्या पोटात तयार होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. थंड प्रदेशात यात गोठण्याची भर पडते, कारण पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि बारीक तडा रुंद करते.

म्हणून कामाचा क्रम असा धरावा: आधी मागच्या जमिनीचे पाणी वळवणे, चौथऱ्यापासून बाहेर उतार देणे, तुंबलेली पन्हळ मोकळी करणे, कोनाड्याच्या वरच्या छज्जाखाली पाणी तुटून पडावे म्हणून खाच ठेवणे. त्यानंतर भिंत वाळू द्यावी. यात काही महिने जाऊ शकतात. पुतळ्याला हात लावण्याची वेळ त्यानंतर येते. या क्रमाविषयी समितीत बराच वाद होतो, कारण गटार खणलेले छायाचित्रात सुंदर दिसत नाही आणि देणगीदाराला दाखवण्यासारखेही काही नसते.

गवंडी म्हणतो सिमेंट मजबूत आहे. मग चुना कशाला?

सिमेंट मजबूत आहे हे खरे, आणि जुन्या बांधकामात अडचण नेमकी तीच आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे; त्याचा सर्रास वापर त्यानंतर कित्येक दशकांनी सुरू झाला. त्यापूर्वीचे, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरचेही, दगड-विटांचे काम चुन्यात झालेले आहे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो. भिंत किंचित हलली तर तो थोडे सोसतो, आणि ओल त्याच्यातून बाहेर पडते. काळाच्या ओघात झिजतो तो सांधा, दगड वाचतो. दर काही दशकांनी दरजा पुन्हा भरल्या की झाले. त्याच जागी सिमेंट भरले की नाते उलटते. सांधा दगडापेक्षा कठीण होतो, ओल सांध्यातून न जाता दगडातून जाऊ लागते आणि झिजायला लागतो तो दगड. सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधले दगड खोल गेलेले, असे दृश्य जुन्या भिंतींवर पाहायला मिळते. ते दिसले की कारण ओळखावे.

चुन्याचे काम मात्र समजून करावे लागते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो; मग ती पाण्यात विझवतात; आणि लावलेला चुना हवेतला तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगड होतो. या क्रियेला ओल लागते आणि वेळ लागतो. साधारणपणे एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग खरखरीत, धुतलेली वाळू असे मिश्रण घेतात, थर पातळ ठेवतात, आणि काम झाल्यावर ओले गोणपाट टांगून दिवसातून अनेकदा हलके पाणी मारतात. कडक उन्हात उघडे टाकलेले चुन्याचे काम वाळते, पण घट्ट होत नाही; बोटाने खरवडले की भुकटी पडते. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे असेच झाले आणि दोन मीटरचा पट्टा पुन्हा करावा लागला. गवंडी उत्तम होता, पण त्याने आयुष्यभर सिमेंटच लावले होते. त्याला दोष देण्याऐवजी आम्ही चुन्याचे काम जाणणारा एक कारागीर चार दिवस त्याच्याबरोबर ठेवला, आणि उरलेले काम त्यानेच उत्कृष्ट केले.

एक अपवाद सांगतो. जी प्रार्थनास्थळे मुळातच सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधली आहेत, त्यांची दुरुस्ती सिमेंटवर आधारित द्रव्यांनीच करावी. जुने ते सर्व चुन्याचे, असा समज करून घेऊ नये.

पुतळा कशाचा आहे हे कसे ओळखावे, आणि त्याने काय फरक पडतो?

फरक सर्वच बाबतीत पडतो. संगमरवर थंड आणि जड लागतो, आणि मोडलेल्या जागी साखरेसारखे कण दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पुतळ्याच्या टवक्यात आत पांढरी, खडूसारखी पूड असते. काँक्रीटमध्ये खडी किंवा वाळूचे कण दिसतात आणि तड्याभोवती तांबूस डाग असतात. लाकडाला उभ्या चिरा पडतात. फायबर ग्लासवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो.

प्लास्टरचा पुतळा उघड्यावर ठेवण्यासाठी नसतोच. प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते, एका लीटरला सुमारे दोन ग्रॅम. त्यावरचा रंग अभंग असेपर्यंत तो टिकतो. एक टवका उडाला की आत पाणी शिरते. अशा पुतळ्यावर भक्ती जडलेली असेल तर त्याची दुरुस्ती करून त्याला चर्चच्या आत जागा द्यावी आणि बाहेर दगडाची किंवा धातूची प्रतिकृती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काँक्रीटचा प्रश्न आतल्या लोखंडाचा असतो. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते आणि त्या स्थितीत लोखंड गंजत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ही अल्कता वर्षानुवर्षे बाहेरून आत कमी होत जाते, आणि ही घट सळईपर्यंत पोहोचली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. अशा वेळी तडा वरून भरून उपयोग होत नाही. सैल काँक्रीट काढून, सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून, गंज पूर्ण साफ करून, तिला संरक्षक लेप देऊनच भरणा करावा.

संगमरवर काळा पडला आहे. ॲसिडने किंवा प्रेशर मशीनने धुवावा का?

दोन्हीही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळते. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीही लावले की जो फेस येतो, तो निघणाऱ्या मळाचा नसून जाणाऱ्या दगडाचा असतो. पुतळा पांढरा दिसतो खरा, पण त्याचा वरचा गुळगुळीत थर गेलेला असतो आणि पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट जोमाने धरते. जोरदार पाण्याचा फवारा मऊ झालेले कण उडवतो आणि सांध्यांत पाणी घुसवतो.

स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर सवड यांनी बहुतेक काम होते. खालून वर भिजवत जावे म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. शेवाळ आणि दगडफूल यांच्यासाठी दगडाला अपाय न करणारी जैवनाशके मिळतात. ती एका लपलेल्या कोपऱ्यात आधी वापरून पाहावीत, लावून काही दिवस थांबावे आणि मेलेली वाढ लाकडी काडीने हळूच काढावी. तारेचा ब्रश कधीही वापरू नये, कारण त्याचे तुकडे दगडात अडकून गंजतात. दगडाची सर्व जुनी छटा घालवून तो कोरा करण्याचा आग्रह धरू नये; वयाचा रंग हा मळ नव्हे.

रंग उडाला आहे. आमच्याच धर्मग्रामातील एक कलाकार विनामूल्य रंगवून देतो म्हणतात. हरकत आहे का?

हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे, कारण येथे नकार दिला तर सद्भावना दुखावते. उत्तर पुतळ्यावर अवलंबून आहे. साच्यातला, अलीकडचा, पूर्वीही अनेकदा रंगवलेला पुतळा असेल आणि छायाचित्रे व छटांचे नमुने हाताशी असतील, तर कुशल कलाकाराने देखरेखीखाली रंगवण्यास हरकत नाही. जुना, हाताने कोरलेला आणि मूळ रंग शिल्लक असलेला पुतळा असेल, तर नकारच द्यावा लागतो.

स्पेनच्या नवारा प्रांतातील एस्तेया गावी सान मिगेल चर्चमधला संत जॉर्ज यांचा सोळाव्या शतकातला रंगीत लाकडी पुतळा २०१८ मध्ये असाच सपाट, चकचकीत रंगांनी रंगवला गेला. हे काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तो थर उतरवून पुतळा बऱ्याच अंशी पूर्ववत केला, परंतु मूळ रंगाचा जो भाग आधीच गेला होता तो परत आला नाही. चेहऱ्याच्या बाबतीत हे विशेष जाणवते. डोळ्याची पापणी केसभर वर सरकली की माता आपल्याकडे पाहते आहे असे वाटणे थांबते, आणि लोकांना काय बदलले ते सांगता येत नाही, फक्त ते पूर्वीसारखे थांबत नाहीत.

तज्ज्ञ आधी एका नखाएवढ्या जागेत एकेक थर उलगडून पाहतो. आमच्या पुतळ्याच्या झग्यावर ऑइलपेंटचे पाच थर निघाले आणि त्यांच्या खाली एक फिकट, जवळजवळ राखाडी निळा होता, जो आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेला नव्हता. जुना रंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि अनेक देशांत त्यावर बंधने आली ती १९७० च्या दशकात किंवा त्यानंतर. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते, म्हणून आधी चाचणी, मग ओल्या पद्धतीने काम, आणि आवारात मुले नसताना.

दुरुस्तीपूर्वी पुतळा कोणत्या रूपातला आहे हे तपासावे लागते का?

अवश्य. मरियामातेचे सर्व पुतळे एकसारखे नसतात आणि चुकीच्या खुणा जोडल्याने प्रतिमेचा अर्थच बदलतो. लूर्डमाता पांढऱ्या वस्त्रात असते, कमरेला निळा पट्टा, हात जोडलेले, मनगटावर जपमाळ आणि दोन्ही पावलांवर सोनेरी-पिवळा गुलाब. हे वर्णन संत बर्नाडेट यांनी फ्रान्समधील लूर्ड येथे १८५८ मध्ये झालेल्या मरियामातेच्या दर्शनांबद्दल दिले. त्या वर्षी ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात त्यांना अठरा दर्शने झाली. ‘चमत्कारिक पदक’ (मिरॅक्युलस मेडल) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदकावरील रूपात मात्र हात खाली पसरलेले असतात, बोटांतून किरण निघतात आणि पायाखाली सर्प असतो. हे रूप १८३० मध्ये पॅरिस येथे संत कॅथरिन लाबुरे यांना झालेल्या दर्शनावरून आले आहे. जुन्या दुरुस्तीत लूर्डमातेच्या पावलांवरचे गुलाब गिलाव्याखाली गेले आणि पट्टा झग्याच्याच रंगात रंगवला गेला, असे घडू शकते. झाकलेले पुन्हा उघडे करणे हे योग्य काम. नसलेले जोडणे हे अयोग्य.

आपला पुतळा मूळ लूर्ड येथील पुतळ्यासारखा दिसत नाही म्हणून खंत करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या गुहेतला पुतळा जोसेफ-ह्यूग फाबिश या शिल्पकाराने घडवला आणि तो १८६४ मध्ये बसवण्यात आला. तो पाहून स्वतः बर्नाडेट यांचे समाधान झाले नव्हते. तरी तेव्हापासून लोक त्याच्यासमोर प्रार्थना करीत आले आहेत.

तुटलेली बोटे, नाक किंवा क्रूसाचा हात पुन्हा जोडता येतो का?

मूळ तुकडा सापडला असेल तर बहुधा येतो. म्हणून चौथऱ्याभोवतीची माती चाळून पाहावी. आम्हाला करंगळीचा तुकडा अर्ध्या वीतभर खोलीवर मिळाला. जोडताना लोखंडी खिळा वापरू नये, कारण तो गंजून पुन्हा फोडतो. स्टेनलेस स्टीलची कांडी वापरावी, आणि समुद्राजवळ ती ३१६ प्रतीची असावी. चिकटद्रव्य असे निवडावे की पुढे गरज पडल्यास जोड सोडवता येईल. लहान, भार नसलेल्या तुकड्यांसाठी पॅरालॉइड बी-७२ वापरतात, कारण ते ॲसिटोनमध्ये विरघळते. मात्र कडक उन्हात ते मऊ पडू शकते, म्हणून भार घेणाऱ्या जोडासाठी तज्ज्ञालाच विचारावे.

तुकडा हरवला असेल आणि मूळ आकाराचा पुरावा नसेल, तर रिकामे राहू देण्यात काही कमीपणा नाही. वास्तू जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत असे तत्त्व आहे की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळणारा, पण जवळून पाहिल्यास मूळ भागापासून ओळखता येणारा असावा.

काम चालू असताना प्रार्थना कोठे करावी? काम झाल्यावर पुन्हा आशीर्वाद लागतो का?

पुतळा हलवावा लागला तर तो कोठारात झाकून ठेवण्याऐवजी, तज्ज्ञाने परवानगी दिली तर, चर्चमध्ये दिसेल असा ठेवावा. तो कधी परत येणार हे लिहिलेला साधा फलक शेजारी लावावा. पुतळा एकाएकी नाहीसा झाला की वयस्कांच्या मनाला फार लागते, आणि त्यांना आधी सांगणे हे समितीचे कर्तव्य आहे.

कलम १२१२ प्रमाणे पवित्र स्थानाचा आशीर्वाद ते बहुतांशी नष्ट झाले, किंवा ते कायमचे अन्य वापराकडे वळवले गेले, तरच संपतो. साध्या दुरुस्तीने तो जात नाही. तरीही काम पूर्ण झाल्यावर धर्मगुरूंच्या हस्ते आशीर्वादविधी करणे उचितच आहे. पुन्हा वापरता न येणारे तुकडे कचऱ्यात टाकू नयेत. आदराने पुरावेत, किंवा लाकूड असेल तर जाळावे. भिंतीत किंवा चौथऱ्यात पवित्र अवशेष, नवसाची चिठ्ठी किंवा पायाभरणीची कुपी सापडली तर काम थांबवून ती न उघडता प्रमुख धर्मगुरूंकडे द्यावी. चिठ्ठ्या वाचू नयेत. त्या आपल्याला लिहिलेल्या नाहीत.

मेणबत्त्यांचे काय?

त्या बंद करण्याच्या बाजूने मी नाही. मात्र काजळी आणि वितळलेले मेण दगडाला खरोखरच खराब करतात, आणि कोनाड्यात पुतळ्याच्या पायाशी पेटलेली मेणबत्ती संगमरवराला ताप देऊन तडकवू शकते. पुतळ्यापासून काही अंतरावर, बाजूला, वाळू भरलेले धातूचे तबक असलेला स्टँड ठेवावा. सांडलेले मेण गार झाल्यावर लाकडी पट्टीने उचलावे, गरम पाणी ओतू नये, कारण त्याने मेण दगडात आणखी खोल जाते. विजेचे दिवे लावायचे तर तारा पुतळ्यात भोक पाडून नेऊ नयेत.

देणगी, आणि जुन्या देणगीदारांच्या पाट्या?

कलम १२६७ सांगते की भाविकांनी विशिष्ट हेतूने दिलेली देणगी त्याच हेतूसाठी वापरावी. म्हणून ग्रोटोसाठी जमलेला पैसा सभागृहाच्या पंख्यांकडे वळवता येत नाही, आणि पैसा उरला तर तो कशासाठी वापरला जाईल हे आवाहनातच लिहून ठेवावे. त्यातला एक हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढावा. जुन्या पाट्या काढू नयेत. नव्या नावांसाठी पुतळ्याजवळची जागा देऊ नये; चर्चच्या आत एक नोंदवही ठेवली तरी पुरते.

स्वयंसेवकांना काय करता येईल?

पुष्कळ. छायाचित्रे गोळा करणे, आवारातली झाडोऱ्याची वाढ हाताने काढणे, पन्हळी साफ करणे, चुन्याच्या कामाला पाणी मारणे, पावसाच्या नोंदी ठेवणे, ही सारी कामे लोकांनीच करावीत. भिंतीत रुजलेल्या झाडाची मुळे मात्र ओढून काढू नयेत, कारण त्यांच्याबरोबर दगड निघतात. खोड कापून, मूळ मारून, ते सुकल्यावर सांधा भरावा. पुतळ्याचा पृष्ठभाग, मोठे सांधे आणि उंचीवरचे काम कारागिरांकडेच राहू द्यावे.

सणापूर्वी काम पूर्ण होईल का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि मी प्रत्येक वेळी सांगत आलो की सणाची तारीख ठेकेदाराला देऊ नका. भिंत वाळलेली नसताना सणासाठी म्हणून रंग लावला, तर पुढच्या वर्षी त्याच सणाला पोपडे दिसतात. आमच्या ग्रोटोचा सण एका वर्षी मचाण उभे असतानाच झाला. रिकाम्या कोनाड्यासमोर लोकांनी जपमाळ म्हटली, आणि नेहमीपेक्षा कोणी कमी आले होते असे मला वाटले नाही.

काम संपल्यावर देखभाल कोणी आणि कशी करावी?

दोन माणसे नेमावीत; एकच नेमला तर तो आजारी पडला की काम थांबते. चर्चच्या कार्यालयात एक वही ठेवावी आणि तिच्यात कोणता चुना, कोणती वाळू, कोणता रंग, कोणते चिकटद्रव्य कोठे वापरले हे नमुन्यांसह लिहावे. पावसाळा येण्यापूर्वी पन्हळी आणि उतार पाहावेत, पाऊस संपल्यावर ओलीचे डाग पाहावेत, आणि वर्षातून एकदा मूळ छायाचित्रे जेथून काढली त्याच जागेवरून पुन्हा काढावीत. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, ओल्या फडक्याने पुसू नये. नवा तडा दिसला तर लगेच भरू नये. त्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि तीन महिन्यांनी तो खुणेच्या पुढे गेला आहे का ते पाहावे. गेला नसेल तर तो जुनाच आहे आणि सवडीने भरता येईल. गेला असेल तर वही घेऊन अभियंत्याला बोलवावे.